भेंडीच्या पानाची कपाशी: २,४-डी, एक पंप आणि बदनाम झालेले वावर

चोपडा तालुक्यात तापीकाठच्या काळ्या जमिनीत अडीच एकराचे वावर. ५ जूनला ठिबकवर कपाशी टोबली, दोन तासांत (ओळींत) अंतर चार फूट, दोन झाडांत दीड फूट. तास उत्तर-दक्षिण, प्रत्येक ३०० फुटांचे, एकूण ९०. पश्चिमेला विहीर आणि गाडीवाट, पूर्वेला मालकाचाच मका, उत्तरेला शेजाऱ्याचा ऊस. (शेत नमुन्यादाखल मांडले आहे. खुणा, वेळा आणि हिशोब मात्र अशा कुठल्याही वावरात ताडून पाहता येतील असे आहेत.)

४ ऑगस्टची स्थिती अशी. विहिरीकडच्या पहिल्या तीन तासांत कपाशीची नवी पाने भेंडीसारखी झाली आहेत: लांब अरुंद बोटे, कडा दातेरी, शिरा एकमेकींना चिकटल्यागत समांतर. देठ पिळलेले, शेंडा खाली झुकलेला, बारीक पाते (फुलाच्या कळ्या) गळून तासात पडलेले. पुढच्या तीन तासांत दोन-तीन पाने जरा चुरगळलेली, इतकेच. सातव्या तासापासून कपाशी स्वच्छ.

मालकाची खात्री पटली होती की जमीनच गेली. गेल्या रब्बीत याच वावरात गहू होता आणि डिसेंबरात त्यावर २,४-डी हे तणनाशक मारले होते. सालदाराचेही तेच मत, ‘वावर नासी गयं भाऊ.’ घरातल्या धाकट्याचा संशय शेजाऱ्याच्या उसावर, कारण २६ जुलैला त्याने तिथे तणनाशक मारताना पाहिले होते. दुकानातून जमीन ‘सुधारायला’ ह्युमिक ॲसिडचा डबा येऊन पडला होता आणि कपाशी मोडून तिथे दुसरे काही पेरायचे घाटत होते.

तीन संशयित झाले: माती, वारा आणि ज्याचे नाव कोणी घेत नव्हते तो फवारणीचा पंप.

औषध झाडात काय करते

२,४-डी म्हणजे २,४-डायक्लोरोफिनॉक्सी ॲसेटिक आम्ल. १९४०च्या दशकात ते तणनाशक म्हणून पुढे आले. ते जाळत नाही, वाढवते, आणि तिथेच घात होतो. झाडात ऑक्झिन नावाचे संप्रेरक असते. कुठली पेशी किती लांबायची, शेंडा कुठे वळायचा, फांदी कधी फुटायची, हे त्याच्या कमी-जास्त प्रमाणावर ठरते. पेशीत टीआयआर-१ नावाचे ग्राहक प्रथिन असते. ऑक्झिन त्याला चिकटले की वाढीच्या जनुकांवर बसलेली दडपण ठेवणारी प्रथिने मोडीत निघतात आणि ती जनुके चालू होतात. २,४-डी त्याच खाचेत बसते. झाड आपले स्वतःचे ऑक्झिन जागच्या जागी बांधून किंवा मोडून टाकते, तसे २,४-डीला रुंद पानाच्या झाडाला पटकन करता येत नाही. ती जनुके चालूच राहतात. पाठोपाठ इथिलीन वायू बेसुमार तयार होतो. देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त लांबते, म्हणून देठ पिळतो आणि शेंडा मान टाकतो.

भेंडीसारखे पान कसे होते तेही यातच आहे. कळीत दुमडलेल्या कोवळ्या पानात शिरा वाढतात, पण शिरांमधला पडदा वाढत नाही. जे पान आधीच पूर्ण उघडले आहे त्याचा आकार ठरून गेलेला असतो, ते बदलत नाही. म्हणून २,४-डीचा फटका नेहमी फवारणीनंतर उघडलेल्या पानांवर दिसतो, जुन्यांवर नाही. हे लक्षात ठेवावे, पुढे तारीख काढायला याचाच उपयोग आहे.

झाडात ते जाते तेही चलाखीने. हे कमजोर आम्ल आहे. पेशीभित्तीतल्या आंबट रसात त्याचा थोडा भाग विद्युतभाराशिवाय असतो आणि तो पेशीपटलातून आत सरकतो. आतला रस उदासीन असल्याने तिथे त्यावर ऋण भार येतो आणि बाहेरची वाट बंद होते. पुढे साखरेच्या प्रवाहाबरोबर ते थेट शेंड्याला आणि पात्यांना पोचते, म्हणजे कपाशीत जिथे पैसा आहे तिथेच.

मका, गहू, ऊस यांना ते का लागत नाही? गवतवर्गातली पिके २,४-डीच्या कड्यावर एक हायड्रॉक्सिल गट चढवतात आणि त्याला साखरेशी बांधून निकामी करतात. शिवाय त्यांचा वाढीचा कोंब पानांच्या म्यानात झाकलेला असतो. कपाशीची गोष्ट उलटी. ती इतकी हळवी की मक्याला लागणाऱ्या मात्रेच्या हजाराव्या हिश्श्यानेही तिच्या पानावर खूण उमटते.

तुडतुड्यांचा मार आणि हा मार यांची गल्लत सर्रास होते. तुडतुड्यांनी पानाच्या कडा पिवळ्या पडून मग लाल होतात आणि पान खाली वळते, पण त्याचा पंजा शाबूत राहतो. २,४-डीने पंजाच बदलतो.

पाने मोजून तारीख काढणे

जोमात असलेली कपाशी मुख्य खोडावर साधारण तीन दिवसाला एक पेर टाकते. पहिल्या तासातली दहा झाडे घेतली आणि शेंड्याकडून खाली मोजत गेले, तर बिघडलेले सगळ्यात खालचे पान बहुतेक झाडांवर वरून सातवे निघाले. त्याखालची सगळी पाने नीट. त्या दिवशी उमलण्याच्या बेतात असलेले एक पान वजा केले तर सहा पेरे, म्हणजे सुमारे १८ दिवस मागे. तारीख येते १७ जुलैच्या आसपास.

आता वहीतल्या नोंदी. मालकाच्या मक्यावर २,४-डी मारले १२ जुलैला. कपाशीवर रसशोषक किडीचे औषध मारले १८ जुलैला. शेजाऱ्याने उसात फवारले २६ जुलैला. उसाचा फटका असता तर बिघाड वरून चौथ्या पानापासून सुरू व्हायला हवा होता, आणि १२ जुलैला मक्यावरून उडून आले असते तर आठव्या-नवव्यापासून. एखाद्या पेराची चूक धरली तरी शेजारी सुटतो. मका मात्र अजून काठावर आहे, त्याचा निकाल नकाशाने लागतो.

वाऱ्याने आलेले औषध कडेला जास्त आणि आत कमी होत जाते. जुलैत खान्देशात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा. मका पूर्वेला, म्हणजे वारा कपाशीकडून मक्याकडे जाणारा. तरीही मक्याचे आले असते तर ८५ ते ९० ही तासे आधी बिघडली असती. बिघडली आहेत १ ते ६, मक्यापासून सर्वांत लांबची. उसाकडून आले असते तर सगळ्याच तासांची उत्तरेकडची टोके मुरडली असती. इथे पहिले तास या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे बिघडलेले आहे आणि सातवे तास या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ आहे. वारा असा तासाला धरून चालत नाही. माणूस चालतो.

मारलेले औषध सोडियम क्षार होते, ८० टक्के पावडर. तो वाफ होऊन उडत नाही, उडतात ते फक्त थेंब. इथाइल इस्टर, म्हणजे ३८ टक्के ईसी (पाण्यात दुधाळ होणारे तेलकट औषध), वापरले असते तर फवारणीनंतरही उन्हात वाफ उठून ती शिवार ओलांडून गेली असती. ज्या शिवारात कपाशी उभी आहे तिथे इस्टर वापरूच नये.

पाव लिटरचा हिशोब

तीन-तीन तासांचे पट्टे कुठून आले? पंप १६ लिटरचा, बॅटरीवरचा. एकरी १२ पंप लागतात, म्हणजे एक पंप ३,६३० चौरस फूट करतो. चार फुटी तासात ही लांबी होते सुमारे ९०७ फूट, म्हणजे ३०० फुटांची तीन तासे. पट्टा आणि पंप तंतोतंत जुळले.

१८ जुलैला दोन पंप चालू होते. एक विहिरीकडून निघाला, दुसरा मक्याकडून. विहिरीकडचा पंप सहा दिवसांपूर्वी मक्यात गेलेला होता. ‘पंप धुयेल व्हता,’ हे सालदाराचे म्हणणे खोटे नव्हते, पण धुणे म्हणजे उरलेले ओतून देणे आणि बाहेरून पाणी मारणे, एवढेच झाले होते. टाकीच्या तळाच्या खोलगट भागात आणि गाळणीत पाव लिटर राहिले. नळी आणि दांडीत आणखी काही राहिले, ते वेगळेच.

मक्यात एकरी ५०० ग्रॅम पावडर २०० लिटर पाण्यात घेतली होती, म्हणजे लिटरमागे २ ग्रॅम सक्रिय घटक. पाव लिटरात अर्धा ग्रॅम. तो १६ लिटरात मिसळून तीन तासांवर पडला की हेक्टरी सुमारे १५ ग्रॅम होतो, मक्याच्या मात्रेच्या दीड टक्का. कपाशीला हे पुरेसे आहे, किंबहुना फार आहे. हाच पंप दुसऱ्यांदा भरला तेव्हा तळाला पुन्हा पाव लिटर होते, पण आता ६४ पट पातळ. हेक्टरी पाव ग्रॅमच्या आतबाहेर. कागदावर हा मक्याच्या मात्रेचा चार हजारावा हिस्सा आहे आणि एवढ्याने खूण उमटू नये. उमटली, कारण रबरी नळी आणि वायसर औषध धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. त्यात बोअरचे जड पाणी. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी २,४-डीच्या क्षाराचा न विरघळणारा साका होतो, तो गाळणीच्या जाळीवर पांढरट सायीसारखा बसतो आणि पुढच्या पंपांत थोडा थोडा उतरतो. या पंपाची जाळी काढली तेव्हा ती साय बोटाला लागली. झाकण उघडले तर आत डेटॉलच्या जातीचा वास. तो डायक्लोरोफिनॉलचा, आणि नाकाला तो फार थोड्या प्रमाणातही कळतो. वास आला तर पंप कपाशीत न्यायचा नाही. वास नाही म्हणून पंप स्वच्छ आहे, असेही समजायचे नाही.

सगळ्यात बोलकी खूण पहिल्या तासाच्या तोंडाशी, विहिरीजवळच होती. पहिल्या पंधरा-वीस फुटांतल्या डझनभर झाडांची खोडे फुगून उभी तडकली होती आणि शेंडे काळे पडले होते. नळी-दांडीत राहिलेले मक्याचे औषध पाण्यात न मिसळता सर्वांत आधी त्यांच्यावर पडले.

आणि माती?

पंपाचा गुन्हा सिद्ध झाला तरी मालकाच्या डोक्यातून माती जात नव्हती. ते रास्तही आहे, कारण जमीन बिघडल्याची भीती एका हंगामापुरती नसते.

काळ्या जमिनीचा सामू ८च्या आसपास. तिथे २,४-डी जवळपास पूर्णपणे ऋण भाराच्या रूपात असते, आणि चिकणमातीचे कणही ऋण भाराचे. दोघे एकमेकांना धरत नाहीत. म्हणून ते मातीत अडकून बसत नाही, ओलाव्यात मोकळे फिरते. याची एक वाईट बाजू अशी की फवारणीपाठोपाठ मोठा पाऊस झाला तर ते खाली, जिथे जिवाणू कमी तिथे, उतरू शकते. चांगली बाजू अशी की वरच्या थरात ते जिवाणूंना आयते सापडते.

मोडण्याचे काम मुख्यतः हे जिवाणूच करतात. सर्वांत अभ्यासला गेलेला जिवाणू क्युप्रिॲव्हिडस नेकॅटर, त्याचा जेएमपी-१३४ हा वाण. मोडतोडीची बहुतेक हत्यारे त्याच्या एका सुट्या डीएनए-कड्यावर असतात आणि ते कडे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. पहिले विकर (एन्झाइम) टीएफडी-ए. ते लोह आणि ऑक्सिजन वापरून रेणूची ॲसेटिक आम्लाची शेपटी कापते, उरते २,४-डायक्लोरोफिनॉल. दुसरे विकर त्यावर आणखी एक हायड्रॉक्सिल चढवून डायक्लोरोकॅटेकॉल करते. तिसरे कडेच फोडते. कडे फुटले की पुढचे तुकडे जिवाणूच्या रोजच्या जेवणात जातात: कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि क्लोराइड. एक किलो २,४-डी पूर्ण मोडले तर सुमारे ३२० ग्रॅम क्लोराइड उरते. विहिरीच्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोराइड धरले तरी ५ सेंटिमीटरच्या एका पाळीत हेक्टरी २५ किलो येते. तेव्हा त्याची काळजी नको.

ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ऑडस यांनी १९४९ साली दाखवले की मातीत २,४-डी पहिल्यांदा दिले तर ते काही दिवस तसेच राहते आणि मग झपाट्याने जाते. दुसऱ्यांदा दिले तर थांबणे जवळपास नाहीच. मधल्या काळात खाणारे जिवाणू वाढलेले असतात. म्हणजे ज्या वावरात २,४-डी आधी पडले आहे ते उलट लवकर साफ होते. हे ऐकून कोणी दरवर्षी मारायला लागू नये, एवढेच.

हवा खेळत्या मातीत त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे मोडायला लागणारा वेळ, आठवडा-दहा दिवसांचे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००५ च्या पुनर्मूल्यांकनात ते ६.२ दिवस धरले आहे. आपण १० धरू. हेक्टरी एक किलो औषध वरच्या १५ सेंटिमीटर मातीत, म्हणजे साधारण २० लाख किलोत, मिसळले तर किलोला अर्धा मिलिग्रॅम. १०० दिवसांत त्याचा हजारावा हिस्सा राहतो. डिसेंबरात मारले, गव्हाला मार्चपर्यंत पाणी चालू होते, माती ओली होती. जूनमध्ये टोबताना कपाशीला त्रास देण्याइतके शिल्लक राहण्याचा प्रश्नच नाही. आणि राहिले असते तर ते उगवणीतच दिसले असते: फुगलेला कोंब, जाड आखूड मूळ. ४० दिवस नीट वाढून मग एकदम सातव्या पानापासून नव्हे, आणि सहाच तासांत तर नव्हेच.

हिशोब बिघडतो तो दोन ठिकाणी. कोरड्या मातीत जिवाणू झोपलेले असतात. मे महिन्यात बांधावर गाजरगवताला मारलेले २,४-डी पाऊस पडेपर्यंत बरेचसे तिथेच बसते. दुसरे, पाणी साचून हवा तुटली की शेपटी कापणाऱ्या विकराला ऑक्सिजन मिळत नाही, आणि दिवसांचे काम महिन्यांवर जाते. म्हणून मोकळ्या वावरात तण मारून मग कपाशी टोबायची असेल तर मध्ये किमान एक महिना जावा, तोही ओल्या मातीचा. कोरडे दिवस मोजायचे नाहीत.

मक्यानंतरच्या पिकात खरोखर मातीतून आलेला त्रास दिसला तर पहिला संशय ॲट्राझिनवर घ्यावा. ते जास्त टिकते, आणि त्याची खूण वेगळी: खालची पाने कडेने पिवळी पडून करपतात, पीळ नसतो.

व्हिएतनामचे नाव या चर्चेत कोणीतरी काढतेच. तिथल्या युद्धात अमेरिकेने फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या मिश्रणात २,४-डीच्या जोडीला २,४,५-टी होते, आणि डायॉक्सिन हे विष आले ते या दुसऱ्याच्या उत्पादनातून. कड्यावर पाचव्या जागी चढलेल्या एका जादा क्लोरीनमुळे ते मातीतही बरेच हळू मोडते. नावे सारखी, वागणूक वेगळी.

कुंड्यांचा दाखला

मालकाला आकडे पटले नाहीत, कुंड्या पटल्या. पहिल्या तासातली वरची १५ सेंटिमीटर माती पाच जागांवरून घेऊन एकत्र केली. तशीच ६० व्या तासातली. प्रत्येकी एक किलोच्या चार कुंड्या. आणखी चार कुंड्या ६० व्या तासाच्याच मातीच्या, पण मुद्दाम औषध घातलेल्या: एक लिटर पाण्यात १ ग्रॅम पावडर, त्यातले १० मिलिलिटर काढून पुन्हा एक लिटर, आणि या दुसऱ्या पाण्याचे १२५ मिलिलिटर एका किलो मातीला. मातीत किलोला १ मिलिग्रॅम बसते. औषध घातलेल्या कुंड्या नसतील तर परीक्षा फुकट, कारण त्रास झाला असता तर तो कसा दिसला असता हेच कळत नाही. प्रत्येकीत मुगाचे पाच आणि कपाशीचे पाच दाणे, पाणी सारखे, कुंड्या एकमेकींपासून लांब.

बाराव्या दिवशी रोपे उपटून मुळे धुतली. औषधाच्या कुंड्यांत मुगाचे खोड जाड आणि वाकडे, मूळ आखूड व गाठाळ, कपाशीचे निम्मे दाणे मातीबाहेर आलेच नाहीत. पहिल्या आणि साठाव्या तासाच्या मातीतली रोपे शेजारी ठेवली तर कुठली कुठली हे सांगता येईना. ह्युमिक ॲसिडचा डबा परत गेला.

उभ्या कपाशीचे काय केले

२,४-डीला उतारा नाही. कपाशी मोडली नाही, कारण ९० पैकी ८४ तासे नीट होती. चौथ्या ते सहाव्या तासाला काहीच केले नाही, तिथे नवी पाने आधीच पंजा धरू लागली होती. पहिल्या तीन तासांत मुरडलेले शेंडे चांगल्या पेरापर्यंत खुडले, म्हणजे खालचे डोळे फुटतील. पाणी नेमाने, युरिया नेहमीचाच. तोंडाशी तडकलेली डझनभर झाडे काढून टाकली.

एक चूक होता होता राहिली. पातेगळ थांबवायला एनएए (नॅफ्थलीन ॲसेटिक आम्ल) मारायचे ठरले होते. एनएएसुद्धा ऑक्झिनच आहे. ऑक्झिनच्या अतिरेकाने आजारी झाडाला वरून आणखी ऑक्झिन देणे म्हणजे आगीत रॉकेल.

या तीन तासांची बोंडे तीन-चार आठवडे उशिरा धरतील. त्यामुळे गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे याच बाजूला लावून घेतले, कारण उशिराची हिरवी बोंडे तिच्या तावडीत आधी सापडतात.

पंपाचे असे केले. पूर्ण टाकी भरून एकदा धुण्यापेक्षा दोन-दोन लिटर पाण्याने तीनदा धुणे कितीतरी बरे. पाव लिटर मागे राहते असे धरले तर दोन लिटरची एक धुणी नऊ पट पातळ करते, तीन धुण्या ७२९ पट. सोळा लिटरची एकच धुणी फक्त ६५ पट. प्रत्येक वेळी पंप चालवून पाणी नळी, दांडी आणि नोझलमधून बाहेर काढायचे, मक्याच्या वावरातच. मग धुण्याच्या सोड्याचे पाणी भरून रात्रभर ठेवायचे, सकाळी पुन्हा नोझलमधून काढून साध्या पाण्याने दोनदा. गाळणी, नोझल आणि वायसर सुटे काढून ब्रशने घासायचे. इस्टर वापरले असेल तर सोड्याबरोबर कपड्याची पावडरही लागते, कारण ते तेलकट असते.

एवढे करून या पंपात साधे पाणी भरले, अर्धा तास ठेवले आणि दांडीतून टोमॅटोच्या चार रोपांवर मारले. दुसऱ्या दिवशी एका रोपाचे देठ खाली वळलेले दिसले. नळी आणि वायसर बदलले, पुन्हा चार रोपांवर मारले, तिसऱ्या दिवसापर्यंत ती ताठ राहिली. तरी पंपाला लाल पट्टा मारून तो मक्यापुरता ठेवला. कपाशीला दुसरा.